सुम्बिंगच्या उतारावरील घर नावावर करताना : माझा अनुभव

माझे सासर इंडोनेशियातील मध्य जावा प्रांतात, तमांगुंग जिल्ह्यात, सुम्बिंग पर्वताच्या उतारावरील एका लहान वाडीत आहे. वाडीतील बहुतेक घरे तंबाखू आणि कॉफीवर जगतात. सासऱ्यांच्या निधनानंतर राहते घर आणि त्यामागचा कॉफीचा तुकडा यांची वाटणी तीन भावंडांत करायची ठरली. धाकट्या दिरांना कॉफीची जमीन हवी होती, तर सुमात्रा बेटावरील लांपुंगला स्थायिक झालेल्या नणंदेने घरातील आपला वाटा आम्हांला विकत देण्याची तयारी दाखवली. व्यवहार घरातल्या घरातच होता. परंतु मी भारतीय नागरिक असल्यामुळे तो इतर कुटुंबांपेक्षा बराच गुंतागुंतीचा झाला. इंडोनेशियन जोडीदार असलेल्या मराठी माणसांना उपयोग व्हावा, या हेतूने तो सविस्तर लिहीत आहे.

अडचणीचे मूळ १९६० च्या भूमी कायद्यात आहे. जमिनीची संपूर्ण मालकी, जिला तेथे ‘हक मिलिक’ म्हणतात, ती व्यक्तींपैकी केवळ इंडोनेशियन नागरिकालाच मिळू शकते. वारसाहक्काने किंवा विवाहातून मालमत्ता एकत्र झाल्याने अशी मालकी परदेशी व्यक्तीकडे आलीच, तर तिने ती एका वर्षाच्या आत सोडली पाहिजे. न सोडल्यास हक्क संपुष्टात येऊन जमीन सरकारकडे जाते. दुसरीकडे १९७४ च्या विवाह कायद्यानुसार विवाहानंतर मिळवलेली मालमत्ता पती-पत्नीची सामाईक ठरते, मात्र वारशाने आलेली ज्याची त्याचीच राहते. त्यामुळे माझ्या पतींचा वडिलोपार्जित वाटा त्यांचाच होता, पण नणंदेचा वाटा विकत घेताच त्यात माझा हिस्सा निर्माण झाला असता आणि तोच कायद्याला मान्य नव्हता. म्हणूनच, पतींकडे इंडोनेशियन ओळखपत्र असूनही, दस्त करणाऱ्या अधिकाऱ्याने (त्याला तेथे ‘पेपेआते’ म्हणतात) पहिल्या भेटीतच आमच्याकडे मालमत्ता विभक्त ठेवण्याचा विवाह-करार मागितला.

पूर्वी असा करार विवाहाच्या वेळी किंवा त्याआधीच करावा लागत असे, आणि ज्यांनी तो केला नव्हता त्यांच्यापुढे कोणताही मार्ग उरत नसे. जपानी नागरिकाशी विवाह झालेल्या एका इंडोनेशियन स्त्रीला याच कारणाने सदनिका नाकारली गेली, तेव्हा तिने घटना न्यायालयात दाद मागितली. ऑक्टोबर २०१६ मध्ये न्यायालयाने विवाह टिकून असताना केव्हाही असा करार करता येईल, असा निर्णय दिला. त्या स्त्रीविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते, कारण आमचे घर तिच्या त्या लढ्यामुळेच रीतसर नोंदवता आले.

करार नोटरीसमोर होतो आणि त्यानंतर जेथे विवाहाची नोंद असेल तेथे तो नोंदवावा लागतो. मुस्लिम विवाहांसाठी ते धार्मिक व्यवहार कार्यालय असते आणि इतरांसाठी नागरी नोंदणी कार्यालय. आमचा विवाह पुण्यात नोंदणी पद्धतीने झाला होता आणि जावात परतल्यावर तो नागरी नोंदणी कार्यालयात कळवलेला होता, म्हणून करारही तेथेच नोंदवला. पुण्याच्या विवाह प्रमाणपत्रावर अपोस्टिलची, म्हणजे परदेशात कागदपत्र ग्राह्य धरले जावे यासाठीची मोहर आणि शपथबद्ध भाषांतरकाराने केलेले इंडोनेशियन भाषांतर, या दोन्ही गोष्टी लागल्या. इंडोनेशियात अपोस्टिल करार ४ जून २०२२ पासून लागू आहे, त्यामुळे आता दूतावासातून पुन्हा साक्षांकन करून घेण्याची आवश्यकता राहिलेली नाही. भारतातून निघतानाच हे प्रमाणपत्र तयार करून सोबत न्यावे, कारण तिकडून ते मागवण्यात फार वेळ जातो.

यानंतर खरे काम गावाच्या कार्यालयात सुरू झाले. आमच्या जमिनीला मालकीचे प्रमाणपत्र नव्हतेच. होती ती केवळ गावाच्या ‘लेतर सी’ या वहीतील नोंद, जी गावाचा सचिव, म्हणजे चारिक, सांभाळतो. या वहीत मालकाचे नाव, तुकड्याचा क्रमांक, जमिनीची प्रतवारी आणि क्षेत्र एवढेच असते. माझे माहेर वाई तालुक्यातील असल्याने हे पाहताच मला सातबारा आठवला, आणि दोहोंतील साम्य वरवरचे नाही. दोन्ही मुळात सारा कोणी भरायचा हे ठरवणारी महसुली कागदपत्रे आहेत. जावात जमीन महसुलाची ही पद्धत १८११ ते १८१६ या ब्रिटिश अमलात तेथील प्रशासक रॅफल्सने आणली. सारा भरणारा तोच मालक असे लोक धरून चालतात, पण कायदा तसे मानत नाही. २०२१ च्या नियमांनी तर अशा जुन्या नोंदींना पाच वर्षांची मुदत घातली आणि २ फेब्रुवारी २०२६ नंतर त्या मालकीचा पुरावा म्हणून ग्राह्य राहणार नाहीत, असे ठरवले. आमच्या घाईचे हेही एक कारण होते.

वाडीतील पुष्कळ घरांना २०१७ पासून सुरू झालेल्या सरसकट नोंदणीच्या सरकारी योजनेत प्रमाणपत्रे मिळाली होती. जावा आणि बालीत त्यासाठी गावपातळीवरील पूर्वतयारीचा खर्च प्रत्येक तुकड्यामागे १,५०,००० रुपियांपेक्षा (रुपिया हे इंडोनेशियाचे चलन) अधिक घेऊ नये, अशी मर्यादा होती. आमचा तुकडा त्या वेळी मागे राहिला, कारण वारसांची संमती एकत्र झालेली नव्हती. नणंदेच्या सासरची मंडळी अनेक पिढ्यांपूर्वी सुमात्राच्या दक्षिण टोकाला गेलेली आहेत. १९०५ मध्ये डच सरकारने दाट वस्तीच्या केडू भागातील शेतकरी लांपुंगला नेऊन वसवण्यास प्रारंभ केला, आणि तमांगुंग हे त्याच केडूत मोडते. त्यामुळे आमच्या भागातील अनेक घरांचे वारस समुद्रापलीकडे आहेत आणि प्रत्येक वाटणी त्यांच्या सहीसाठी खोळंबते.

वही उघडल्यावर आणखी एक प्रश्न पुढे आला. नोंद आजेसासऱ्यांच्या नावाची होती, पण ते त्यांचे तरुणपणीचे नाव होते. जावात पूर्वी पुरुष विवाहानंतर नवे, प्रौढ नाव घेत असत, आणि कराच्या पावत्या, थडग्यावरील लेख व सासऱ्यांची कागदपत्रे या सर्वांवर हे दुसरेच नाव होते. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, असे निवेदन वाडीतील दोन वृद्धांच्या साक्षीने तयार करून गावप्रमुखांकडून प्रमाणित करून घेतले. वारसांचे निवेदनही असेच, दोन साक्षीदार, गावप्रमुख आणि तालुक्याचा अधिकारी यांच्या सह्यांनी झाले. वसाहतकाळातील वर्गवारीनुसार ही सोय मूळच्या रहिवाशांसाठी होती. चिनी वंशाच्या लोकांना नोटरीकडे, तर अरब व भारतीय वंशाच्या लोकांना वारसा-मालमत्ता कार्यालयाकडे जावे लागत असे. एखाद्या घराच्या वारशाची वाट वंशावरून ठरावी, हे वाचून मला फार वाईट वाटले.

मोजणीचा भाग मात्र मला सर्वांत मोलाचा वाटला. इंडोनेशियन पद्धतीत लगतच्या जमीनधारकांनी सीमेवर उभे राहून ती मान्य करावी आणि सही द्यावी, असा नियम आहे. त्यामुळे मोजणी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या यंत्राइतकेच महत्त्व शेजाऱ्यांच्या शब्दाला येते. पूर्वेकडील सीमा कोठे आहे याविषयी आमच्या घरात दोन मते होती. शेजारच्या वृद्ध बाईंनी, ज्यांना सगळे ‘सिम्बाह’ म्हणजे आजी म्हणतात, फणसाच्या झाडापासून ओढ्याकडे बोट करून सांगितले की त्यांचे यजमान आणि माझे आजेसासरे यांनी तेथे मिळून दगड पुरला होता. उकरल्यावर तो दगड सापडला, आणि त्याच जागी आम्ही सिमेंटचा खुंट उभा केला. त्यासाठी आम्हांला आमच्या अंदाजापेक्षा थोडी जमीन सोडावी लागली आणि सासूबाईंनी ती क्षणाचाही विचार न करता सोडली.

या सह्या मिळण्यामागे वाडीतील रोजच्या जगण्याचा मोठा हात आहे, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक घराबाहेर एक छोटी वाटी टांगलेली असते. तिच्यात मूठभर तांदूळ किंवा नाणे ठेवायचे आणि रात्रीच्या गस्तीवरील पुरुषांनी ते गोळा करायचे. त्या ‘जिम्पितान’मधून कोणाच्या आजारपणाला, कोणाच्या अंत्यविधीला मदत होते. एखाद्याच्या घराचे छप्पर चढवायचे असेल तर पुरुष विनामोबदला येतात, कार्य असेल तर स्त्रिया आदल्या दिवसापासून स्वयंपाकाला येऊन बसतात, आणि तंबाखू कापून बांबूच्या ताट्यांवर वाळवण्याच्या दिवसांत पहाटेपासून हात लागतात. मी या सर्वांत पहिल्या वर्षापासून सहभागी होत आले. जो शेजारी कधी गस्तीला आला नाही, त्याच्या सीमेवर कोणी तत्परतेने सही करायला येत नाही, हे मी वाडीत पाहिले आहे.

मोजणीनंतर माहिती तीस दिवस जाहीर ठेवली जाते आणि कोणाचा आक्षेप न आल्यास तिन्ही वारसांच्या नावे पहिली नोंद होते. त्यानंतर वाटणीचा दस्त पेपेआतेसमोर झाला. वारशाने आलेल्या मालमत्तेवरील संपादन-कर ३० कोटी रुपिया या किमान मूल्यापर्यंत लागत नाही, आणि आमच्या वाडीतील जमिनीचे मूल्य त्याच्या पुष्कळ खाली असल्याने त्या टप्प्यावर कर भरावा लागला नाही. घर पतींच्या एकट्याच्या नावे झाले.

या काळात एका मध्यस्थाने आम्हांला सुचवले होते की पतींची नोंद अविवाहित म्हणून दाखवावी, म्हणजे कराराची कटकटच नको. आम्ही ते स्पष्टपणे नाकारले. बालीत जमीन घेऊ इच्छिणारे पुण्या-मुंबईचे परिचितही मला स्थानिक माणसाच्या नावाने खरेदी करण्याविषयी विचारतात. परदेशी व्यक्तीकडे थेट किंवा आडमार्गाने मालकी देणारा प्रत्येक व्यवहार त्या १९६० च्या कायद्याने रद्दबातल ठरतो, भरलेले पैसे परत मागता येत नाहीत आणि जमीन सरकारजमा होते. ज्यांना खरोखर राहायचे आहे त्यांनी वापराचा हक्क घ्यावा. तो ३० वर्षांचा असतो, पुढे २० वर्षे वाढवता येतो आणि त्यानंतर आणखी ३० वर्षांसाठी नव्याने मिळू शकतो.

आमच्यासाठी शेवटचा दस्त मृत्युपत्राचा होता. आमची मुलगी इंडोनेशियन नागरिक असल्याने घर थेट तिच्याकडे जाईल, अशी तरतूद पतींनी त्यात केली आहे, आणि ती सज्ञान होईपर्यंत व्यवस्था पाहण्यासाठी धाकट्या दिरांचे नाव घातले आहे. मृत्युपत्राची, विवाह-कराराची आणि सीमेवरील सह्यांची एकेक प्रत आम्ही चारिकांकडे आणि नणंदेकडेही ठेवली आहे.