नर्सेस डेचं नाटक आणि पडलेला चिटल

मी नागपुरात एका नर्सिंग कॉलेजात ट्यूटर आहे. आमचा एथिक्सचा तास जेवणानंतरचा, त्यात मे महिना, कूलरची घरघर, पोरी पुस्तक उघडं ठेवून झोपतात आणि खरं सांगू का, मला त्यांचा राग पण येत नाही. म्हणून यंदा ठरवलं की १२ मेला दिवा हातात घेतलेली फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरे झाली, प्लेगची लस काढणाऱ्या हाफकिनवर छोटी छोटी तीन नाटुकली बसवू. मुंबईतल्या इन्स्टिट्यूटचं नाव सगळ्यांना पाठ, माणूस कोणालाच माहीत नाही.

पहिलं नाटुकलं १८९७ च्या जानेवारीतलं. मुंबईत प्लेग, ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा, हाताखाली एक क्लार्क आणि तीन शिपाई, एवढ्यावर हा ओडेसाचा माणूस लस बनवतो आणि १० जानेवारीला आधी स्वतःलाच टोचून घेतो, आणि डोस पण पुढे लोकांना देणार त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा. शिपायाच्या रोलसाठी भांडणं झाली, हाफकिन व्हायला कोणी तयार नाही, कारण त्याला इंग्रजी वाक्यं होती.

दुसरं भायखळा जेलचं. तिथे प्लेग शिरला होता, कैद्यांना विचारलं कोण कोण टोचून घेणार, जे हो म्हणाले त्यांना टोचलं, बाकीच्यांशी तुलना केली, आणि लस घेतलेल्यांत आजार फारच कमी निघाला. इथे प्रॅक्टिसमध्येच एकीने विचारलं, मॅडम, बेड्या घातलेल्या माणसाचा कन्सेंट कन्सेंट असतो का? पुस्तकात न्यूरेंबर्ग कोड १९४७, म्हणजे माणसावर प्रयोग करायचा तर त्याची स्वखुशीची संमती हवी, एवढी एक ओळ आहे, ती वाचताना हा प्रश्न कोणाला कधी पडला नव्हता. मी तो प्रश्न तसाच उचलून एका कैद्याच्या तोंडी घातला.

पण दिवस गाजला तो तिसऱ्यामुळे. पंजाबातलं मुल्कोवाल गाव, ३० ऑक्टोबर १९०२. १०७ जणांना लस टोचली, त्यातल्या ५३-एन नंबरच्या एकाच बाटलीतून ज्यांना दिली ते १९ जण धनुर्वातानं गेले. ठपका लॅबवर, म्हणजे हाफकिनवर, डायरेक्टरचं पद गेलं. पुढे कळलं ते असं की बाटलीचं बूच काढायचा चिमटा त्या दिवशी जमिनीवर पडला होता आणि असिस्टंटने तो कार्बोलिकमध्ये, म्हणजे जंतुनाशकात, नुसता बुडवून परत वापरला. आता धनुर्वाताचे स्पोअर, म्हणजे त्या जंतूंची टणक बीजं, मातीतच असतात आणि ते असे क्षणभर बुचकळून मरत नाहीत, हे आमच्या फर्स्ट इयरलाही येतं.

स्टेजवर किडनी ट्रे, बाटली, लेबलवर मोठ्या अक्षरात ५३-एन, आणि वॉर्डातून मागून आणलेला खराखुरा चिटल फोर्सेप, म्हणजे निर्जंतुक सामान उचलायचा लांब चिमटा. असिस्टंट झालेली पोरगी गोंदियाची, एरवी वर्गात तोंड न उघडणारी. चिटल पडला, लादीवर खणखण आवाज झाला, ती उचलायला वाकली आणि तिसऱ्या रांगेतून ऑपरेशन थिएटरच्या आमच्या इन्चार्ज सिस्टर ताडकन उभ्या राहिल्या.

"अगं ए पोरी! पडलेला चिटल काहून उचलून राहिली? दुसरा घे!"

हॉल हसला. मला वाटलं पोरगी आता वाक्य विसरणार. ती सिस्टरकडे बघत म्हणाली, "सिस्टर, दुसरा नाहीये."

"मंग डॉक्टरले सांग ना."

"डॉक्टर ओरडतात."

हे काही स्क्रिप्टमध्ये नव्हतं. मागच्या बाजूला पोरींनी बाकं बडवली, शिट्टी पण आली बहुतेक, पुढच्या दोन रांगा मात्र गप्प. मोठे लोक तिथेच बसतात ना. नाटक तसंच पुढे गेलं, पण शेवटचा सीन, १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरतो तो, कोणी ऐकला असेल असं वाटत नाही. त्यात मी रोनाल्ड रॉसला आणलं होतं, मलेरियावाला, नोबेलवाला, त्याने हाफकिनसाठी लंडनच्या टाइम्समध्ये लिहून लिहून सरकारला भंडावून सोडलं होतं. त्याचा मुद्दा भारी होता: धनुर्वाताचे जंतू बाटलीत आधीपासून वाढलेले असते तर बाटली उघडताक्षणी घाण वास सुटला असता, तसा वास आला नाही, म्हणजे घाण बाटलीत शिरली ती गावातच.

चहाच्या वेळी, समोशाची प्लेट हातात, सिस्टरनी मला गाठलंच. "तुमचा साहेब सुटला, बरं झालं. पण सुटला कसा, तर खालच्या माणसाच्या नावावर."

मी म्हटलं सिस्टर, चिमटा पडला होता हे खरंच आहे ना, १९ माणसं गेली, ज्याच्या हातून झालं त्याचं नाव येणारच, आणि हाफकिनची पाच वर्षं फुकट गेली ती कोणाच्या खात्यात टाकायची?

"मी कुठे नाही म्हणते. पण गावभर टोचत निघाले आणि टेबलावर चिमटा एकच? ट्रे कोणी लावला होता? लिस्ट कोणी केली होती? माझ्या ऑपरेशन थिएटरात असं झालं तर मी आधी ट्रे पाहते, मग पोरीला धरते."

यावर आमचं चांगलं अर्धा तास वाजलं. मला अजूनही वाटतं रॉसने केलं ते बरोबरच होतं, लॅबच खोटी ठरली असती तर लोकांनी लसच सोडली असती, आणि प्लेग तेव्हा काही संपला नव्हता. सिस्टर म्हणतात हे मोठ्या लोकांचं नेहमीचं आहे. आमच्या वादात प्रमुख पाहुण्यांचं भाषण पाच मिनिटांत आटोपलं, त्याबद्दल कोणाची तक्रार आली नाही.

आता नाटक दुसऱ्या एका कॉलेजात करायचंय. गोंदियावालीने स्वतःहून दोन पानं लिहून आणलीत, त्यात असिस्टंट चौकशी समितीपुढे उभा आहे आणि समितीलाच उलट प्रश्न विचारतोय. रॉस झालेल्या पोरीला पोस्टिंग लागलंय, ती येणार नाही, म्हणून मी सिस्टरना सहज विचारलं करता का. तर म्हणाल्या, करते की, पण वासाचं ते वाक्य मी म्हणणार नाही, ते तुमचं तुम्ही विंगेतून म्हणा.