बटणावरचा संच

मी ॲप आणि वेबसाइटवरच्या मजकुराचं मराठी करते. काम एक्सेल फाइलमध्ये येतं. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे रिकामा रकाना. मजकूर कुठल्या स्क्रीनवर दिसणार, याचा पत्ता नसतो.

अशाच एका फाइलमध्ये एका ओळीत एकच शब्द होता, 'सेट'. वरच्या ओळीत 'कलेक्शन', खालच्या ओळीत 'आयटम'. मी बिनधास्त 'संच' लिहिलं आणि पुढे सरकले. तीन आठवड्यांनी टेस्टिंगवाल्या मुलीचा स्क्रीनशॉट आला. गजराचं पान, वेळ सकाळी ६:३०, खाली दोन बटणं: 'रद्द करा' आणि 'संच'. सोबत तिने नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं होतं.

लाजेने शब्दकोश उघडला. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात लांबलचक नोंद याच क्रियापदाची होती. नुसत्या 'सेट'चे सुमारे ४३० अर्थ, वाक्प्रचार धरले तर ५८० च्या आसपास. पुढे 'रन'ने त्याला मागे टाकलं, पण माझ्या फाइलींमध्ये अजून 'सेट'चंच राज्य आहे.

गंमत म्हणजे हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत. संच या अर्थाचा 'सेट' लॅटिनमधल्या 'सेक्टा'वरून, जुन्या फ्रेंचमार्गे आला. पंथ या अर्थाचा 'सेक्ट' त्याचाच भाऊ. क्रियापद मात्र जुन्या इंग्रजीतलं, आणि ते 'सिट'चं प्रयोजक रूप. म्हणजे आपलं बसणे-बसवणे! हे कळल्यावर मी खुर्चीत सावरून बसले. अंगठीत खडा बसवतात, मोडलेलं हाड बसवतात. इंग्रजीत दोन्हीकडे 'सेट'च. पण हे साम्य फार ताणता येत नाही. सूर्य मावळतो, जेली घट्ट होते, सापळा लावतात, पेपर काढतात आणि विक्रम करतात. आपण प्रत्येक कामाला वेगळा माणूस ठेवलाय, त्यांच्याकडे एकटा 'सेट' राबतो. (आपला घसा बसतो, विश्वास बसतो आणि धक्काही बसतो, तेव्हा फार बोलायला नको.)

खरा वैताग निराळाच. या क्रियापदाचं भूतकाळी रूपही 'सेट'च. बटणावर असेल तर 'लावा', आणि गजर लावून झाल्यावर तिथेच दिसणार असेल तर 'लावला'. एक्सेलच्या चौकटीत दोन्ही अगदी सारखे दिसतात.

संच काढून 'लावा' केलं. त्याच फाइलमध्ये पुढे आणखी एक एकटा 'सेट' बसला होता. या वेळी शहाणपणा करून शेऱ्याच्या रकान्यात विचारलं, "हे बटण आहे की गजर लागल्याची सूचना?"

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "हो."