वाकडं घर आणि सुताराची सही

घर सरळ असावं, अशी अपेक्षा घेऊन लिटल मोर्टन हॉल बघायला जाऊ नये. इंग्लंडात चेशायर परगण्यात, काँगलटन गावाजवळ, खंदकाच्या पाण्याकाठी हे लाकडी घर उभं आहे. उभं म्हणजे, काठी घरी विसरून देवळाला निघालेल्या आजोबांसारखं. एक खिडकी दुसरीच्या रेषेत नाही, आणि तुळया मध्येच पोट काढून बसल्यात.

मोर्टन घराण्याने 1504 च्या सुमारास काम सुरू केलं आणि जवळजवळ 1610 पर्यंत जोडत गेले. जोडता जोडता सगळ्यात वर 68 फुटांचं लांबलचक दालन चढलं, पावसाळी दिवसांत फिरायला नि खेळायला. (त्याच्या लाकडी आवरणामागे त्या काळातले टेनिसचे चेंडू सापडले. चेंडू हरवण्याची जागा सगळीकडे सारखीच!) दालनावर छप्पर दगडी फरश्यांचं. त्या ओझ्याने खालचे मजले वाकले. 'वर एक खोली काढू की' म्हणणारा तिथेही कुणीतरी होताच.

मग पडलं कसं नाही? ओकचं लाकूड ओलं असतानाच घडवायचं; एकात खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारी जीभ आणि आरपार लाकडी खुंटी. वाळताना लाकूड आक्रसतं, पिळवटतं, पण सांधा सुटत नाही. अर्थात पुढे पोलादाचा आधारही द्यावा लागला, नुसतं लाकडाचं कौतुक नको.

तिथल्या बाईंनी भिंतीबद्दल सांगायला सुरुवात केली: चौकटीत काटक्या विणायच्या, वर माती, गवत, शेण लिंपायचं. मी मनात म्हटलं, अहो, हा तर कूड! कोकणात आजोळच्या पडवीला कारवीचा होता तसाच. फरक खिडक्यांत. इथे काचेचे सुमारे 30,000 तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेत, त्या काळी काच म्हणजे चैन. भिंत शेणामातीची, मिरवणूक काचेची. आणि आपण चित्रांत बघतो तो काळा-पांढरा थाट बराच नंतरचा, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. मूळचं ओक बहुधा उघडंच, रुपेरी होत गेलेलं.

पण मी रेंगाळले ते चौकातल्या दोन खिडक्यांपाशी. लाकडावर अक्षरं कोरलीत: या खिडक्या 1559 साली विल्यम मोर्टनने केल्या. आणि त्याच कोरीवकामात पुढे: रिचर्ड डेल सुताराने देवाच्या कृपेने या खिडक्या केल्या. मालक म्हणतो मी, सुतार म्हणतो मी. सुताराने 'कार्पेंटर'चं स्पेलिंग 'कार्पेडर' केलंय, पण नाव मात्र ठळक.

आजोळचा माळा कुणी घातला असं विचारलं की आजी सांगायची, तुझ्या पणजोबांनी. पणजोबा पोथी वाचणारे. त्यांनी जन्मात कधी पटाशी हातात धरली नसणार.