आत्याची मांजर मी उचलून का आणली नाही

"एवढं दिसत होतं तर सरळ उचलून का नाही आणलीस?" हे मला नात्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी विचारून झालंय. विचारणाऱ्यांपैकी एकानेही ठमीला कधी डॉक्टरकडे नेलेलं नाही, एवढं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं जरा शांतपणे लिहिता येईल. उरलेले उलटं विचारतात: "बिचारीला सुखाने जाऊ द्यायचं, म्हातारपणी डॉक्टर-बिक्टर कशाला?" बिचारी म्हणजे आत्या की मांजर, ते कोणीच सांगत नाही.

ठमीची दशा तुम्ही पाहिलेली आहे. पाठीवरच्या जटा, वास, पलंगाखालची ओल. पुन्हा वर्णन करत नाही. मला आत्याचा भयंकर राग आला होता, आणि तुम्हाला ठाऊक नाही ते हे की मी खरोखरच तिला उचलायला गेले होते. मांजर न्यायची जाळीची पेटी घेऊन. आत्याला काय सांगायचं ते पाठ केलं होतं. पेटी बघून आत्या म्हणाली, "थांब, चप्पल घालते." तिला वाटलं, आम्ही दोघी ठमीला दाखवायला चाललोय. तसं नाहीये, हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही. त्यामुळे आम्ही दोघी दाखवायला गेलो.

डॉक्टरांनी विचारलं, "खाणं कसं आहे?"

"उत्तम," आत्या म्हणाली. "हल्ली तर आधीपेक्षा जास्त खाते."

"पाणी?"

"तेही भरपूर. भांडं सारखं भरावं लागतं." आणि माझ्याकडे असं बघितलं, की बघ, मी उपाशी ठेवते म्हणत होतीस ना?

डॉक्टरांनी वजन केलं, ठमीच्या गळ्यापाशी बोटं फिरवली, रक्त घेतलं. रिपोर्ट आल्यावर कळलं की थायरॉइड जास्त काम करतोय आणि मूत्रपिंडंही गेलेली आहेत. म्हाताऱ्या मांजरींमध्ये दोन्ही सर्रास आढळतं. थायरॉइड वाढला की भूक वाढते आणि अंग झडतं. मूत्रपिंडं थकली की लघवी पातळ आणि जास्त होते, ती भरून काढायला मांजर पाणी पीत राहते. म्हणजे आत्या ज्याला तब्येत समजत होती तोच आजार होता, आणि मी ज्याला घाण म्हणत होते तोही. रात्री ठमी मोठमोठ्याने ओरडायची. थायरॉइडच्या मांजरी ओरडतात. आत्याला वाटायचं ती आपल्याला बोलावते, म्हणून ती उठून तिच्याजवळ बसायची. माझ्या रागाच्या हिशेबात हे कुठेच धरलेलं नव्हतं.

मग जटांचा विषय निघाला. सांधे दुखायला लागले की मांजरीला मान वळवून पाठ चाटता येत नाही, म्हणून गुंता कमरेपासून सुरू होतो. डॉक्टर म्हणाले, मशीनने काढू, कात्री अजिबात लावायची नाही. मांजरीची कातडी पातळ असते, जटेबरोबर ओढली जाते आणि कापली जाते. आत्या टेबलाच्या कडेला धरून उभी होती. म्हणाली, "मी लावली होती एकदा. रक्त आलं. तेव्हापासून हात लावायची भीती वाटते मला." हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. कंगवा कपाटात ठेवून दिला, आणि आम्ही सगळे म्हणत राहिलो की तिला पडलेलीच नाही.

मी तिथे काही बोलले नाही. काय बोलणार होते?

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पण माया असली म्हणून दुर्लक्ष धुऊन निघतं का? नाही निघत. जटांखाली कातडी लाल झाली होती, आणि ती आत्याच्या भीतीने लाल झाली की आळसाने, याचं ठमीला काय. हे मी आत्याला तोंडावर बोललेले आहे. त्यानंतर बरेच दिवस आमचं बोलणं फक्त औषधापुरतं होतं.

औषधाचीही गंमत ऐका. वाढलेल्या थायरॉइडमुळे मूत्रपिंडांतून रक्त जास्त वाहतं, त्यामुळे ती आहेत त्यापेक्षा बरी दिसतात. थायरॉइड आटोक्यात आणला की त्यांची खरी अवस्था उघडी पडते. म्हणून कमी मात्रेने सुरुवात आणि काही आठवड्यांनी पुन्हा रक्त. गोळी भरवणं आत्याला जमेना, तेव्हा कानाच्या आतल्या बाजूला चोळायचं मलम दिलं, हातमोजा घालून, कारण ते आपल्याही कातडीतून शिरतं. डॉक्टरांनी विचारलं, "हे रोज कोण करणार?" आत्या म्हणाली, "माझी मांजर आहे." तिथे विषय संपला.

तुम्हाला मी आजवर जे कारण देत आले ते असं: माझ्याकडे आधीच मांजरी आहेत, आजारी म्हातारी मांजर परक्या जागी खाणं सोडते, आणि मांजर काही दिवस उपाशी राहिली तरी तिच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेततं. यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण मला ठमी नकोही होती. दुसऱ्याच्या मांजरीचं म्हातारपण, ते मुतलेले कपडे, ती रात्रीची ओरड माझ्या घरात नको होती. पेटी घेऊन गेलेली मी मला अजून सुनावते, की तुला आत्याच्या चपलांनी सोयीस्करपणे वाचवलं. तिला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणते, की तू नेली असतीस तर आत्या रात्री कोणासाठी उठली असती, याचा तू तरी कुठे विचार केला होतास?

अॅलिस व्हिलालोबोस नावाच्या पशुवैद्य बाईंनी एक मोजपट्टी केलेली आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा 7 गोष्टींना 0 ते 10 गुण द्यायचे. बेरीज 35 च्या वर असेल तर जगणं सुसह्य धरायचं. आम्ही दोघींनी वेगवेगळे गुण दिले. मी स्वच्छतेला जवळजवळ शून्य दिलं, आत्याने आनंदाला 10. भांडण झालं. तिचं म्हणणं, मांडीवर असते तेव्हा ती कशी असते हे तू कधी पाहिलंस? तेही खरंच होतं.

शेवटी मूत्रपिंडांनीच निकाल दिला. ठमी ओकायला लागली, भांड्याकडे फिरकेना. तेव्हा दोघींची बेरीज पहिल्यांदा जुळली. ठमीला कायमचं झोपवायचं ठरलं. भूल देण्याच्या औषधाचा मोठा डोस असतो तो. डोळे उघडेच राहतील, असं डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. ठमीला आत्यानेच धरलं.

आता तुमचाच प्रश्न आत्याही विचारते. "तू नेली असतीस तर जास्त जगली असती का गं?" मलम चुकायचं, हे दोघींना माहीत आहे. मी सांगते, मूत्रपिंडांचा बराच भाग निकामी झाल्याशिवाय बाहेर काही दिसतच नाही, आपल्याला कळलं तेव्हाच उशीर झाला होता. ती ऐकून घेते आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारते.

हल्ली तिला पिल्लू हवंय. मांजर पंधरा-पंधरा वर्षं जगते आणि आत्याचं वय तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलंय, पिल्लू नको, एखादी उतारवयातली मांजर बघू, तीही मी दर आठवड्याला येऊन विंचरणार असेन तरच. आत्या म्हणते, विंचरायला येशील तेव्हा जेवूनच जा, पण मांजर कुठली ते मी ठरवणार. तर पेटी अजून माझ्याकडे पडून आहे, आणि "त्या बाईला पुन्हा मांजर दिलीसच कशी?" हे तुम्ही विचारायच्या आधी सांगते: अजून दिलेली नाही.