दुपारचे पाणी आणि रात्रीची गाडी

परभणी आणि मानवत रोड या स्थानकांच्या दरम्यान, मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गापासून साधारण सहा किलोमीटर आत आमचे गाव आहे. या मार्गावरून दिवसभर गाड्या जातात, परंतु दुपारी गावात त्यांपैकी एकीचाही आवाज येत नाही. आणि रात्री दहानंतर गच्चीवर अंथरूण टाकून पडले की इंजिनाचा भोंगा शेजारच्या शेतात वाजावा इतका स्पष्ट ऐकू येतो. लहानपणी याचे कारण विचारले की एकच उत्तर मिळे, "रात्री सामसूम असते म्हणून." हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. मे महिन्यातल्या दुपारी आखाड्यावरही सामसूमच असते. सालगडी लिंबाखाली पडलेला असतो, बैल रवंथ करीत असतात, पाखरूसुद्धा ओरडत नाही, आणि तरीही गाडी ऐकू येत नाही.

यंदा दहावीत गेलेल्या पुतण्याला मागे बसवून फाट्यावरून दुचाकीने गावाकडे येत असताना याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने तोंड फुटले. ऊन मी म्हणत होते आणि समोरच्या डांबरी रस्त्यावर पाणी सांडल्यासारखे दिसत होते. "काका, आपण जाऊ तसं ते पाणी मागंच सरकायलंय," तो म्हणाला. शाळेत मृगजळाचे कारण आम्हाला एका ओळीत शिकवले होते, "पूर्ण आंतरिक परावर्तन", आणि तेवढे लिहिले की गुण मिळत. मात्र ते पाणी मागे का सरकते, हे त्या ओळीत नव्हते.

मे महिन्याच्या दुपारी रस्त्याच्या वर, माणसाच्या उंचीवर, हवा 40 अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तर डांबराला अगदी लागून असलेली हवा 60 अंशांपर्यंत तापलेली असू शकते. तापलेली हवा विरळ असते आणि विरळ हवेत प्रकाशाचा वेग किंचित जास्त असतो. किती किंचित, तर या 20 अंशांच्या फरकाने एका लाखात दीड इतकाच. बैलजोडीतला एक बैल भरभर चालू लागला की गाडी दुसऱ्या बैलाच्या अंगाला वळते, तसे आकाशाकडून तिरपा खाली येणारा प्रकाश खालच्या बाजूने पुढे सरकतो आणि वरच्या, थंड हवेकडे वळून आपल्या डोळ्यात शिरतो. रस्त्यावर दिसते ते पाणी नसून आकाशाचा तुकडा असतो. येथे आरशासारखा एखादा पृष्ठभाग नसल्यामुळे 'परावर्तन' हा शब्द सोयीचा असला तरी काटेकोर नाही. प्रकाश थराथराने वळत जातो. 1798 मध्ये नेपोलियनच्या मोहिमेबरोबर इजिप्तच्या वाळवंटात गेलेल्या गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने तापलेल्या वाळूलगतच्या हवेवरून याचे स्पष्टीकरण दिले. संतवाङ्मयात मृगजळ हे भ्रमाचे उदाहरण म्हणून येते खरे, परंतु त्याचा फोटोही निघतो, म्हणजे हा डोळ्यांचा भ्रम नाही. प्रकाश खरोखरच त्या वाटेने आलेला असतो.

आता सरकण्याचा प्रश्न. एका लाखात दीड एवढ्या फरकाने प्रकाश उलटा वर वळायचा, तर त्याने जमिनीशी अंशाच्या एक तृतीयांशापेक्षा मोठा कोन करता कामा नये. डोळे जमिनीपासून दीड मीटरवर धरले तर हा कोन सुमारे पावणेतीनशे मीटरवर जुळतो. त्याच्या अलीकडे पाणी दिसणे शक्य नाही, आणि आपण पुढे गेलो की ते अंतरही पुढे जाते. आम्ही गाडी उभी केली, पाण्याचा काठ ज्या बाभळीपाशी दिसत होता ती खुणेला धरली आणि अंतर मोजले. काट्यावर साधारण तीन दशांश किलोमीटर भरले. मग परत येऊन आम्ही दोघेही रस्त्याच्या कडेला उकिडवे बसलो. डोळ्यांची उंची निम्मी झाली आणि पाण्याचा काठ बाभळ सोडून अलीकडच्या मोरीपाशी आला, म्हणजे निम्म्यावर. पलीकडून येणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याने "काही सांडलं का?" म्हणून विचारलेसुद्धा. ज्याच्या घरात दहावीचे मूल आहे त्याने हा प्रयोग अवश्य करावा, मात्र वाहतूक नसलेल्या रस्त्यावर.

पुढे जायकवाडीच्या पाण्यावर भिजणारा पट्टा लागतो. नुकतेच पाणी दिलेल्या उसाच्या फडावर असा झगमगाट दिसत नाही. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता लागते, तर तेच पाणी एक अंशाने तापवायला केवळ 4.2 किलोज्यूल पुरतात. ओल्या रानात उन्हाची बरीचशी ऊर्जा बाष्पीभवनात खर्च होते आणि जमीन तापायला थोडीच उरते. कोरड्या काळ्या मातीला तो खर्च नाही. शिवाय काळा रंग ऊन अधिक शोषतो आणि भेगाळलेली, भुसभुशीत माती ती उष्णता चटकन खाली जाऊ देत नाही, म्हणून वरचाच थर भाजून निघतो.

हे सगळे रेल्वेच्या भोंग्यालाही लागू पडते, आणि पाठ्यपुस्तकाविषयी माझी तक्रार नेमकी इथे आहे. उष्णता एका धड्यात, प्रकाश दुसऱ्यात आणि ध्वनी तिसऱ्यात असल्यामुळे तिन्हींचा संबंध मुलांच्या हाती लागत नाही. ध्वनीचा वेग 0 अंशाला सेकंदाला 331 मीटर असतो आणि दर अंशामागे सुमारे 0.6 मीटरने वाढतो. म्हणजे 20 अंशांच्या फरकाने प्रकाशाचा वेग लाखात दीडने बदलतो, तर ध्वनीचा शेकड्यात तीनहून अधिक. प्रकाश वळायला डांबरालगतचा वीतभर कढत थर लागतो. ध्वनीला शे-दोनशे मीटर उंचीपर्यंत हळूहळू बदलणारे तापमानही पुरते. दुपारी खालची हवा तापलेली, वरची त्या मानाने थंड, म्हणून भोंग्याचा आवाज मृगजळाच्या प्रकाशाप्रमाणेच वर वळतो आणि किलोमीटर-दोन किलोमीटरपलीकडे जमिनीवर ध्वनीची सावली पडते. सहा किलोमीटरवरचे आमचे गाव त्या सावलीत असते. ऑस्बर्न रेनॉल्ड्स या इंग्रज शास्त्रज्ञाने ध्वनीचे हे वळणे 1874 मध्ये मांडले.

रात्री हा क्रम उलटतो. निरभ्र आणि कोरड्या हवेत जमीन आपली उष्णता प्रारणाने आकाशाकडे टाकते आणि तिच्यावरच्या हवेपेक्षा आधी गार होते. हिवाळ्यात परभणीच्या नीचांकी तापमानाच्या बातम्या येतात त्यामागेही हेच कारण मोठे असते. त्यातही तो पारा सव्वा-दीड मीटर उंचीवरच्या पेटीतला, जमीन त्याहूनही थंड असते. आता थंड हवा खाली आणि उबदार हवा वर, म्हणून वर निघालेला आवाज पुन्हा खाली वळतो, जमिनीवर आदळून उसळतो आणि असा टप्पे घेत गावापर्यंत येतो. वाऱ्याची दिशाही यात ढवळाढवळ करते, पण वारा पडलेल्या रात्री गाडी अधिकच स्वच्छ ऐकू येते, यावरून मुख्य काम तापमानाचे आहे हे ध्यानात येते. आभाळ भरून आले की ढग जमिनीला उष्णता परत देतात आणि गाडी पुन्हा दूर जाते.

त्या रात्री पुतण्याला झोप लागत नव्हती. साडेदहाच्या सुमारास शिवारापलीकडे इंजिनाचा दिवा दिसू लागला. रुळाकडेच्या पिवळ्या पाटीवर 'सी/फा' म्हणजे सीटी-फाटक असे लिहिलेले असते, तिथे चालक भोंगा वाजवतो. तो ऐकू आला तेव्हा मी त्याला हिशेब करायला लावला. त्या दिव्याचा प्रकाश सेकंदाच्या पन्नास हजाराव्या भागात आपल्यापर्यंत आला, तर भोंग्याच्या आवाजाला सतरा सेकंद लागले. तेवढ्यात ताशी साठच्या वेगाने गाडी किती पुढे गेली असेल? त्याने अंधारात बोटांवर गुणाकार केला आणि म्हणाला, "पावणेतीनशे, दोनशे ऐंशी मीटर." मग थोडे थांबून, "म्हणजे दुपारी पाणी होतं तेवढंच की." हा निव्वळ योगायोग होता, पण मी तसे काही सांगितले नाही आणि चादर ओढून घेतली.