हद्दीचा दगड आणि टपरीतला दिवा

मोजणीची क प्रत, म्हणजे हद्द दाखवणारा मोजणीचा नकाशा, हातात आली आणि दोन वर्षांचा वाद मिटला. मिरज ते कऱ्हाड दरम्यानच्या आमच्या लहान स्टेशनला राज्यमार्गापासून साधारण ७०० मीटरचा जोडरस्ता आहे. त्यातला फलाटाजवळचा शेवटचा ४३ मीटरचा तुकडा कुणाच्याच दप्तरात रस्ता म्हणून नव्हता, त्यामुळं तिथं ना खांब, ना खडी, ना गटार. पहाटेच्या पॅसेंजरला निघालेल्या कॉलेजच्या मुली आणि एमआयडीसीतल्या बायका मोबाईलच्या उजेडात चालायच्या. चहाच्या टपरीचा दिवा दिसला की त्यांच्या जिवात जीव यायचा.

गाड्या आणि थांबे मागणाऱ्या आमच्या प्रवासी संघटनेनं रस्त्याच्या मागं का लागावं, असं आम्हाला पुष्कळांनी विचारलं. कारण तिकिटांच्या हिशेबात आहे. एक्स्प्रेसचा थांबा मागितला की उत्तर येतं, ‘प्रवासी संख्या समर्थनीय नाही.’ थांबा मिळालाच तर तो प्रायोगिक असतो, साधारण सहा महिन्यांचा, आणि पुढं तिकीटविक्री बघून तो ठेवायचा की काढायचा हे ठरतं. हा आकडा स्टेशनच्या खिडकीवर विकलेल्या तिकिटांतून निघतो, आणि लहान स्टेशन मार खातं ते इथंच. अनारक्षित तिकिटावर गाडीचं नाव नसतं. संध्याकाळी मिरजेहून परतणाऱ्याचं तिकीट मिरजेच्या खात्यात जातं. महिन्याचा पास एकदाच निघतो, तोही बहुतेक जण मोठ्या स्टेशनावर काढतात. आणि अंधाराला भिऊन जी मुलगी वडापनं, म्हणजे खाजगी जीपनं, थेट सांगलीला जाऊन गाडी धरते, ती तर आमच्या हिशेबात कुठंच येत नाही. रस्ता नाही म्हणून तिकीट नाही, तिकीट नाही म्हणून गाडी नाही.

म्हणून आम्ही स्वतः मोजलं. फलाटाच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस, चढणाऱ्यांचा कागद वेगळा, उतरणाऱ्यांचा वेगळा, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. सात दिवस सलग मोजायचं, कारण आठवडी बाजाराचा दिवस आकडा फुगवतो आणि कॉलेजची सुट्टी तो पाडते. पहिले दोन दिवस आमची गणती चुकली. गाडी थांबल्यावर माणसं मागच्या डब्याकडं पळतात आणि दोन्ही टोकांचे गणणारे त्यांना एकेकदा धरतात. मग फलाटाच्या मध्यावर चुन्याची रेघ मारली आणि डब्याच्या दारात पाय ठेवला तरच मोजायचं ठरवलं.

उशिराचा हिशेबही असाच फसवा. दुहेरीकरणाचं काम सुरू असताना या २८० किलोमीटरच्या पुणे-मिरज मार्गावर क्रॉसिंगसाठी, म्हणजे समोरच्या गाडीला वाट द्यायला, लोकल गाडीच लूपमध्ये, बाजूच्या रुळावर, घेत असत. वेळापत्रकात शेवटच्या टप्प्यात मोकळी मिनिटं ठेवलेली असतात, त्यामुळं वाटेत अर्धा तास मागं पडलेली गाडी अखेरच्या स्टेशनात वेळेवर लागते आणि कागदावर वक्तशीर ठरते. खरी वेळ स्टेशन मास्तरांच्या ट्रेन सिग्नल रजिस्टरमध्ये असते. माहिती अधिकारात गाडी उशिरा ‘का’ येते असं विचारलं की अर्ज वाया जातो, कारण हा कायदा नोंदी देतो, खुलासे देत नाही. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या रजिस्टरच्या पानांची प्रत मागायची, फी दहा रुपये, तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. आमच्याकडच्या पुढाऱ्यांना निवेदन देतानाचा फोटो हवा असतो. हे रजिस्टर उघडायला त्यांच्यातला एकही आजवर आलेला नाही, याचा मला मनापासून राग आहे.

आता ग्रामपंचायत. रेल्वेनं लिहून दिलं, ‘आमची हद्द कुंपणापर्यंत.’ ग्रामपंचायतीचं उत्तर, ‘जागा रेल्वेची.’ सोमवारी दुपारी तीन ते पाच दप्तर बघायला मिळतं. सरकारनं २०१८ मध्ये ही सोय केली, पण ती वापरणारे थोडेच. मी नमुना २३ काढायला लावला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही. तिच्यात आमचा रस्ता ६५७ मीटरचा लिहिलेला होता, आणि तिथंच संपत होता. वहीत नसलेल्या तुकड्यावर पंधराव्या वित्त आयोगाचा अबंधित, म्हणजे ठरावीक कामाशी न बांधलेला, निधीसुद्धा टाकता येत नव्हता, लेखापरीक्षणात वसुली निघाली असती. बंधित ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच, म्हणजे दिव्यासाठी आधीच उरलेल्या ४० टक्क्यांतून मागायचं होतं. भाऊसाहेब (म्हणजे ग्रामसेवक, हुद्द्याचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गावात भाऊसाहेबच) सरळ माणूस आहे. म्हणाले, “ताई, मी उद्या खांब रोवतो, पण खर्च माझ्या पगारातनं कापतील.” त्यांचं चूक नव्हतं.

सातबारा बघून हा वाद सुटत नव्हता. रेल्वेचा गट मोठा, मीटरगेजच्या काळातल्या माल धक्क्यासकट. १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेज झाली तेव्हा यार्ड आत सरकलं, कुंपणही आत आलं, कागद मात्र जागच्या जागी राहिला. गटाची कड जमिनीवर नेमकी कुठं पडते हे हद्द कायम मोजणीशिवाय कळत नाही, आणि मोजणीचा अर्ज खातेदारानंच करायचा असतो. रेल्वे करणार नव्हती, ग्रामपंचायत खातेदार नव्हती. वाट सापडली ती शेजारच्या उसाच्या रानातून. त्या शेतकऱ्यानं स्वतःच्या गटाची मोजणी मागितली. लगतच्या खातेदारांना नोटीस द्यावीच लागते, तशी ती रेल्वेलाही गेली, आणि दोन वर्षं न आलेले इंजिनिअर साहेब ठरल्या दिवशी हजर झाले. कुणाला ही अडचण असेल तर एवढी एक गोष्ट लक्षात ठेवावी.

त्याआधी या रस्त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागणार होता. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. पहिल्या सभेला शंभर माणसं जमली नाहीत, सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. दुसऱ्या खेपेला आम्ही ३१ जण होतो आणि ठराव एकमतानं झाला. या तहकुबीवर मी स्वतः पूर्वी तक्रारी केल्यात, की पुढारी याच वाटेनं हवे ते ठराव काढून घेतात. ठरावाचा मसुदा मी केला, जुना नमुना समोर ठेवून. त्यात एक ओळ होती, ‘सदर रस्त्यावरील सर्व अडथळे दूर करण्यात यावेत.’ माझ्या मनात बाभळी आणि उकिरडा होता.

मोजणीच्या दिवशी भूकरमापक सकाळी दहाला आले. आता फलक आणि साखळी नाही, रोव्हर असतो, काठीवर बसवलेलं उपग्रहाशी बोलणारं यंत्र. आधी शिवेवरचे जुने दगड शोधून त्यांच्यावर काठी उभी केली, नकाशाशी ताळा जमवला, मग कडेच्या खुणा घेत ते स्टेशनकडं सरकले. नेमक्या आमच्या तुकड्यावर बाभळींचं छत. तिथं यंत्र फिक्स धरेना, म्हणजे उपग्रहांवरून नेमकी जागा पकडेना. फिक्स नसताना घेतलेला बिंदू हातभर, कधी त्याहून जास्त हलतो, आणि अशा बिंदूवर काढलेली हद्द अपिलात टिकत नाही. “ताई, फांद्या काढल्याशिवाय मी पुढं जाणार न्हाई,” ते म्हणाले. उन्हात तास गेला, पण त्यांनी घाई केली नाही, याबद्दल त्यांना मानते. फांद्या उतरल्यावर बिंदू मिळाला, आणि त्यापासून टीचभर अंतरावर पाचटाच्या ढिगाखाली लोखंड वाजलं. उभा पुरलेला जुन्या रुळाचा तुकडा, रेल्वेच्या हद्दीची खूण. तिथून कुंपणापर्यंत टेप धरला, ४३ मीटर. इंजिनिअर साहेबांनी आपला लँड प्लॅन उघडला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, “जागा आमचीच आहे.” तिथं उभ्या असलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

संयुक्त पाहणीची टिपणी तिथंच लिहिली. खांबांसाठी ग्रामपंचायतीनं ना हरकत मागावी, रेल्वेच्या विभागीय कार्यालयानं ती द्यावी, मुरूम ग्रामपंचायतीचा. तळाशी साहेबांनी एक ओळ घातली, ‘सदर जागेत चहाची एक टपरी आढळली.’ ती खोटी नव्हती. मी वाचली आणि सही केली.

आठवड्यात टपरीवाल्या मामांना नोटीस आली, सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत ताब्याच्या १९७१ च्या कायद्याखाली, आणि तिच्यात आमच्या ठरावाचा क्रमांक होता. मामा ती घेऊन माझ्याकडं आले. “ताई, सभेत ठरलं म्हनत्यात. मला कुनी सांगिटलं न्हाई की ओ.” खरंच सांगितलं नव्हतं. नोटीस फलकावर लावली होती, दवंडी गावठाणात फिरली. स्टेशनच्या वाटेला ती फिरत नाही हे मला माहीत होतं. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा त्यांच्या कामाचा नाही. तो शहरांपुरता आहे आणि रेल्वेच्या जागेला त्यातून स्पष्ट वगळलंय. मामा पहाटे साडेचारला टपरी उघडायचे. बॅटरीवरचा त्यांचा एलईडी दिवा हाच त्या ४३ मीटरवरचा एकमेव उजेड होता, आणि गाडीला उशीर झाला की मुली तिथंच बाकावर बसायच्या. सभेला आलेल्या ३१ जणांतल्या कुणाच्याही तोंडी टपरीचा विषय आला नाही, माझ्याही नाही. शंभर माणसं असती तर कुणी तरी बोललं असतं का, हे मी रोज मनाशी विचारते.

टपरी गेल्या सोमवारी उठली. खांबांचे पाच खड्डे खणून तयार आहेत, ना हरकतीची फाईल विभागात आहे. सध्या पहाटे पाळीपाळीनं आम्ही दोघी-तिघी बॅटरी घेऊन त्या तुकड्यावर उभ्या राहतो. पुढच्या ग्रामसभेसाठी अर्ज दिलाय. दवंडी स्टेशनपर्यंत न्यावी, आणि ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या ६५७ मीटरच्या कडेला मामांना जागा मिळावी. विषयपत्रिकेत तो चौथा विषय आहे, आणि या खेपेला शंभर माणसं जमवायला मी घरोघर फिरतेय.