मासे खाता का, विचारलंत म्हणून

लग्नकार्यात कुणी माझी ओळख करून दिली की पानं मांडायच्या आत प्रश्न येतोच: "एवढी वर्षं जंतूंच्या मागे घालवलीत, तरी मासे खाता?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. खाते. फोंड्याच्या बाजारातून आणून, सोमवार-गुरुवार सोडून खाते. ते दोन वार पाळते, पण जंतूंमुळे नव्हे, सासूबाईंमुळे.

विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा फॉर्मेलिन असतं, म्हणजे फॉर्माल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण, मासा ताजा दिसावा म्हणून मारतात ते. जुलै 2018 मध्ये मडगावच्या घाऊक बाजारातल्या मासळीवरून जे रण माजलं, ते अजून विसरलेलं नाही. मासेमारी बंदीचे दिवस, त्यामुळे बरीचशी मासळी परराज्यातली. शेवटी सरकारने ती काही दिवस बंदच केली. तेव्हापासून 'औषध मारलेली नाही ना?' हा मासळीबाजारातला पहिला प्रश्न झाला. प्रश्न रास्त आहे, फॉर्मेलिन अन्नात चालतच नाही. (काही जातींच्या माशांत, विशेषतः गोठवून ठेवल्यावर, थोडं फॉर्माल्डिहाइड आपोआपही तयार होतं. त्यामुळे निकालाचा आकडा नीट वाचावा लागतो. ती गुंतागुंत चिडलेल्या गिऱ्हाइकाला समजावत बसायची माझी तरी छाती नाही.)

माझी उमेद खर्ची पडली ती मात्र ज्याची कुणी चौकशीही करत नाही अशा गोष्टीवर. बांगडा, तारली, सुरमई, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा मेला की कल्ल्यांतले आणि आतड्यांतले जंतू, उदाहरणार्थ मॉर्गनेला, त्याचं हिस्टामिन करतात. आपल्याकडच्या उकाड्यात त्याला काही तासही पुरतात. असा मासा खाल्ला की थोड्याच वेळात तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, छाती धडधडते. घरचे म्हणतात, "हिला बांगडा बाधतो." पुष्कळदा दोष तिच्या प्रकृतीचा नसतो, त्या दिवशीच्या बांगड्याचा असतो.

आणि हिस्टामिन शिजवून जात नाही. तळा, हुमण करा, खारवा, फ्रीझरमध्ये टाका, झालेलं हिस्टामिन तसंच राहतं. वासही दर वेळी येत नाही. त्यातून जंतूंनी एकदा हिस्टामिन बनवणारं एन्झाइम तयार केलं की जंतू मेले तरी ते एन्झाइम थंडीतसुद्धा संथपणे काम करत राहतं. म्हणून उशिरा घातलेला बर्फ मागचं काही भरून काढत नाही.

संशोधन म्हटलं की लोकांना मायक्रोस्कोप दिसतो. माझ्या हातात जास्त करून थर्मामीटर असायचा. पहाटे जेटीवर जायचं, क्रेटमधल्या माशाच्या पोटात तो खुपसायचा, वेळ लिहायची, नमुने बर्फात घालून प्रयोगशाळा गाठायची. कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, हिस्टामिनची मर्यादा किलोला 200 मिलिग्रॅमची. पण एकाच क्रेटमधले दोन बांगडे सारखे निघत नाहीत. एकाच बांगड्याचा पोटाकडचा आणि शेपटीकडचा तुकडाही नाही. म्हणून एक मासा तपासून 'माल चांगला' असा शिक्का मारणं मला कधी पटलं नाही. मासा सुरक्षित राहणार की नाही हे होडीवरच ठरतं: जाळं ओढल्यावर बर्फ किती लवकर पडला आणि पुरेसा होता का. यावर माझं सहकाऱ्यांशी अजून वाजतं. त्यांना यंत्रं हवीत, मला बर्फाचे कारखाने.

व्हिब्रिओ या दुसऱ्या जंतूची गोष्ट त्या मानाने सोपी. 1950 साली ओसाकात बारीक सुकवलेल्या मासळीतून 272 माणसं आजारी पडली, त्यांतली 20 दगावली. तिथे फुजिनो या जपानी शास्त्रज्ञांना त्याची पॅराहिमोलिटिकस ही जात सापडली. खारट, कोमट पाणी तिला मानवतं, म्हणजे आपल्या खाड्या तिला घरच्यासारख्याच. तिसऱ्या, खुबे हे शिंपले पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यात असेल ते त्यांच्या पोटात साठतं. पण हा जंतू चांगल्या उकळीला टिकत नाही. तिसऱ्यांचं सुकं मी ताव मारून खाते, कच्ची कालवं मात्र कुणी कितीही लिंबू पिळून दिली तरी नाही.

बाजारात जाताना मी बर्फाचा डबा घेऊन जाते. आमची नुस्तेकान्न, म्हणजे मासेवाली, हसते, पण बांगडे काढते ते पाटीच्या तळाचे, बर्फाला टेकलेले. आणि दुसऱ्या दिवशीचं हुमण? तेही खाते. रात्री निवलं की लगेच फ्रिजमध्ये, सकाळी खळखळून उकळी. ओट्यावर रात्रभर राहिलं असेल तर ओतून देते, मग घरात कुणी कितीही हळहळो.